घरचा कर्ता फौजेत गेला तर? १९१७ च्या अमेरिकेतली सक्तीची भरती आणि तीन माणसांचं मंडळ

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा युरोपात जाऊन लढायला पुरेल एवढं सैन्य तिच्याकडे नव्हतं. १८ मे रोजी सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. ५ जूनला एकाच दिवसात २१ ते ३० वयाच्या सुमारे ९६ लाख पुरुषांनी नावं नोंदवली. आता ह्यातल्या कुणाला न्यायचं आणि कुणाला घरी ठेवायचं? वॉशिंग्टनमध्ये बसून हे ठरवणं शक्य नव्हतं, म्हणून ते काम देशभरच्या ४,६४८ स्थानिक भरती मंडळांकडे गेलं.

हिंदुस्थानी सैन्यातली भरती त्या काळात कायद्याने ऐच्छिक होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. ह्या जवानांच्या मागे घरात कोण कमावतं, हे अर्ज घेऊन तपासणारं मंडळ आपल्याकडे नव्हतं. अमेरिकेत असं मंडळ होतं, त्याचे छापील नियम होते, आणि म्हणूनच घरच्या अडचणीचा निवाडा सरकार कसा करतं हे तिथे बारकाईने पाहता येतं.

एक गोष्ट आधीच नीट समजून घ्यायला हवी. माणूस गेल्यावर घरच्यांचे किती हाल होतील, त्यांना किती दुःख होईल, हे मंडळाला ठरवायचं नव्हतं. त्याच्यासमोर प्रश्न एकच होता: ह्याच्या हातच्या कामाच्या कमाईवाचून घर चालेल का? ‘हातचं काम’ ह्या शब्दांवर सगळा भार होता. घरभाडं, व्याज, भागीदाराने चालवलेलं दुकान असं जे उत्पन्न माणूस नसतानाही येत राहतं, ते ह्या हिशेबात त्याच्या बाजूने धरलं जात नसे, उलट त्याच्या दाव्याच्या विरुद्ध जाई. बायको आणि चार मुलं असलेल्या माणसाला घरभाड्याचं भरपूर उत्पन्न असेल, तर दोन मुलांच्या मजुरापेक्षा त्याचा दावा कमकुवत ठरे. अनेकांचे अर्ज नेमके इथे अडले.

काम स्थानिक लोकांकडे का दिलं

ह्यामागे १८६३ चा कटू अनुभव होता. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात उत्तरेकडच्या सरकारने भरतीचा कायदा केला, तेव्हा ३०० डॉलर भरले की सुटका होत असे, किंवा पैसे देऊन बदली माणूस पाठवता येई. नावं टिपायला लष्कराचे अधिकारी दारोदार फिरत. श्रीमंताने पैसे भरायचे आणि गरिबाने मरायचं, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला, आणि त्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये चार दिवस भीषण दंगल झाली. त्या कायद्यातही घरच्या अडचणीचा विचार होता. विधवेचा एकुलता एक आधार असलेल्या मुलाला सूट होती. वृद्ध, अपंग आईबापांना दोन मुलगे असतील तर कोणता घरी ठेवायचा, हे बापाने ठरवायचं आणि बाप नसेल तर आईने. ही तरतूद कागदावर उदार दिसते. पण ती निवड करणाऱ्या आईवर काय ओझं पडत असेल, ह्याचा विचार कायदा लिहिणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही.

१९१७ मध्ये भरतीचे प्रमुख जनरल इनॉक क्राउडर होते आणि हा जुना इतिहास त्यांच्या डोळ्यांसमोर होता. नव्या कायद्यात बदली माणूस नाही आणि पैसे भरून सुटकाही नाही. नावनोंदणी मतदान केंद्रांवर, गावातल्याच माणसांकडून. प्रत्येक काउंटीला (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागाला) एक मंडळ, आणि मोठ्या शहरात साधारण ३० हजार वस्तीमागे एक. मंडळावर तीन सदस्य, त्यात बहुधा एक डॉक्टर. ग्रामीण भागात शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख आणि काउंटीचा कारकूनही अनेकदा सदस्य असत. राज्याच्या गव्हर्नरने नावं सुचवायची आणि राष्ट्राध्यक्षांनी नेमणूक करायची. लष्कराचा माणूस दारात येणार नाही, शेजारचा माणूसच निर्णय देईल, असा हा बेत होता.

मंडळांच्या वर दीडशेहून अधिक जिल्हा मंडळं होती. कामाची विभागणी मात्र साधी वरिष्ठ-कनिष्ठ अशी नव्हती. घरच्या अवलंबितांचा दावा आधी स्थानिक मंडळाकडे जाई. ‘माझ्या शेतावर किंवा कारखान्यात माझ्यावाचून चालणार नाही’ हा दावा थेट जिल्हा मंडळाचा विषय होता. त्यामुळे म्हाताऱ्या आईला पोसणाऱ्या शेतकऱ्याचे दोन दावे होत आणि ते दोन वेगळ्या टेबलांवर जात. स्थानिक मंडळापुढे ‘पीक कोण काढणार’ हे कितीही पोटतिडकीने सांगितलं तरी आईच्या दाव्याला त्याचा थेट उपयोग नव्हता. तिथे फक्त आईच्या पोटाचा हिशेब चाले.

कार्डावर लिहिलं म्हणजे अर्ज झाला नाही

५ जूनच्या नोंदणी कार्डावर १२ प्रश्न होते. नववा असा: वडील, आई, बायको, १२ वर्षांखालचं मूल किंवा १२ वर्षांखालचा भाऊ-बहीण सर्वस्वी तुमच्यावर अवलंबून आहे का, असल्यास कोण? बारावा: भरतीतून सूट मागता का, कोणत्या कारणाने? तिथे लाखो लोकांनी ‘बायको आणि मूल’ असं लिहून दिलं आणि काम झालं असं समजून ते घरी गेले.

कायद्याच्या दृष्टीने तो अर्ज नव्हताच. ती फक्त एक नोंद होती. खरी मुदत सुरू होई ती मंडळाने त्या माणसाला बोलावल्यापासून. पूर्वजांच्या कागदपत्रांचा शोध घेणारे आजही इथे फसतात. कार्डावर सूट मागितलेली दिसली म्हणजे ती मिळाली असं धरून चालतात, आणि काही मागितलेलं नसलं तर ‘स्वखुशीने गेला’ असा निष्कर्ष काढतात. दोन्ही चूक. निर्णय कार्डावर नसे, तो मंडळाच्या नोंदवहीत असे.

कोणाला कधी बोलवायचं हे सोडतीने ठरलं. प्रत्येक मंडळाने आपल्याकडच्या कार्डांना १ पासून क्रमांक दिले होते. २० जुलै १९१७ रोजी वॉशिंग्टनमध्ये १०,५०० चिठ्ठ्या काचेच्या भांड्यात घातल्या आणि युद्धमंत्री न्यूटन बेकर ह्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून पहिली काढली. क्रमांक निघाला २५८. म्हणजे देशातल्या ज्या ज्या मंडळात २५८ क्रमांकाचा माणूस होता, तो त्याच्या मंडळात पहिला.

पहिली पद्धत आणि तिचा गोंधळ

१९१७ च्या उन्हाळ्यातली रीत अशी होती. बोलावणं आलं की आधी शरीरतपासणी. तीत पास झालात, तर बोलावण्यापासून ७ दिवसांच्या आत सूट मिळण्याचा दावा दाखल करायचा. त्यानंतर पुरावे आणायला १० दिवस. पुरावा म्हणजे शपथेवरची प्रतिज्ञापत्रं: एक स्वतःचं, एक अवलंबिताचं म्हणजे बायकोचं किंवा आईचं, आणि एक त्याच भागात राहणाऱ्या, घरगृहस्थी असलेल्या तिसऱ्या माणसाचं. पुरावे आले की मंडळाने तीन दिवसांत निकाल द्यायचा. दावा स्वतः त्या माणसानेच करायला हवा असं नव्हतं. त्याच्या वतीने बायकोलाही तो करता येई, आणि नवरा उत्साहाने निघाला असेल तेव्हा हे फार महत्त्वाचं ठरे.

तिसरं प्रतिज्ञापत्र हा सगळ्या व्यवस्थेचा कणा होता. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठी आणि गावातले पंच जे काम करतात, तेच काम इथे तो शेजारी करत होता. शेजारी सज्जन असला तर घराची खरी स्थिती कागदावर येई. जुना बांधाचा वाद असला, तर सही मिळवतानाच नाकी नऊ येत. नव्याने स्थलांतर करून आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या कुटुंबाला असा ‘प्रतिष्ठित’ साक्षीदार मिळणंच कठीण.

दुसरी अडचण संख्येची. पहिल्या हप्त्यात सुमारे ६ लाख ८७ हजार सैनिक हवे होते, आणि तेवढे भरायला जवळपास ३० लाख माणसं बोलवावी लागली. डॉक्टरांनी तासन्‌तास तपासायचं, माणूस पास व्हायचा, आणि मग कळायचं की ह्याला तीन मुलं आहेत आणि तो घरीच राहणार. ती तपासणी फुकट.

तिसरी अडचण सगळ्यांत गंभीर होती. ‘अवलंबून’ म्हणजे किती, ह्याचं माप प्रत्येक मंडळाचं वेगळं. काही मंडळं लग्न झालेल्या प्रत्येकाला सोडत. काही म्हणत, बायकोला माहेरी जाता येईल, सासरा तिला पोसू शकतो, मग सूट कशाला? क्राउडर ह्यांच्या कार्यालयानेही एका टप्प्यावर असंच मत दिलं, की नातेवाईक सांभाळू शकत असतील तर दावा नाकारता येईल. त्यावर ओरड झाली. घरचा कर्ता नेऊन संसार मोडायचा नाही असा कल राष्ट्राध्यक्ष विल्सन ह्यांनी दाखवल्यावर सूर नरमला. तोवर एकाच महिन्यात एका काउंटीत दोन मुलांचा बाप छावणीत गेला होता आणि शेजारच्या काउंटीत मूलबाळ नसलेला नवरा घरी राहिला होता.

डिसेंबर १९१७: प्रश्नावली आणि पाच वर्ग

१५ डिसेंबर १९१७ पासून क्रम उलटा केला. आधी प्रत्येकाला टपालाने प्रश्नावली पाठवायची, तिच्यावरून वर्ग ठरवायचा, आणि पहिल्या वर्गात येईल त्याचीच शरीरतपासणी करायची. नावनोंदणी केलेल्या प्रत्येकाला ती ७ दिवसांत भरून परत करायची होती.

ही प्रश्नावली म्हणजे बऱ्याच पानांचं पुस्तकच होतं. पहिल्या पानावर सगळ्या वर्गांची आणि पोटवर्गांची यादी, आणि तिच्यासमोर रकाने: एक अर्जदारासाठी, एक स्थानिक मंडळासाठी, एक जिल्हा मंडळासाठी. ज्या कारणाने सवलत हवी, त्याच्यासमोर अर्जदाराने फुली मारायची. फुली राहिली तर तो दावा सोडून दिला असं धरलं जाई. आत पानभर माहिती लिहिली आणि पहिल्या पानावर फुली मारायची राहिली, ही चूक सर्रास होत असणार, आणि ती टाळण्यासाठीच गावोगाव वकिलांची सल्लागार मंडळं नेमली होती. ते फॉर्म फुकट भरून देत. वकिलाकडे न जाता घाईघाईने स्वतः भरणाऱ्यांत अल्पशिक्षितच जास्त, म्हणजे ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज तेच.

वर्ग पाच. नवख्या वाचकाला क्रमांकांचा गोंधळ होतो, म्हणून लक्षात ठेवा: वर्ग १ आधी जाणार, वर्ग ४ जवळजवळ कधीच नाही, वर्ग ५ पूर्ण सूट. कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे पोटवर्ग असे.

वर्ग ४ चा पहिला पोटवर्ग: बायको किंवा मुलं प्रामुख्याने ज्याच्या मेहनतीवर जगतात तो. घरच्या अडचणीचा दावा करणाऱ्याला जायचं असे ते इथेच.

वर्ग ३ मध्ये वृद्ध किंवा आजारी आईबाप, आजीआजोबा पोसणारा; स्वतःला सांभाळू न शकणारे भाऊबहीण पोसणारा; दत्तक किंवा पाळलेल्या मुलांचा आधार असलेला. म्हणजे आईबापांपेक्षा बायकामुलांचा हक्क वरचा मानला होता. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या वाचकाला हे खटकेल, पण तिथला संसार नवरा-बायको-मुलं असाच धरलेला होता.

वर्ग २ मध्ये दोन प्रकारची लग्न झालेली माणसं: कामधंदा करणारा पण त्याच्या रोजच्या कमाईशिवायही कुटुंब बऱ्यापैकी भागवू शकेल असा, आणि मूल नसलेला, ज्याची बायको स्वतः कमावून नीट राहू शकेल असा. शिक्षिका किंवा टायपिस्ट असलेली बायको म्हणजे नवऱ्याची दोन पायऱ्या घसरण.

आणि वर्ग १ मध्ये केवळ अविवाहित नव्हते. बायकोच्या कमाईवर जगणारा नवरा इथे होता. कुटुंबाकडे सतत दुर्लक्ष करणारा नवराही इथेच. हा शेवटचा पोटवर्ग फार बोलका आहे. ‘माझा नवरा घरी एक पैसा देत नाही, ह्याला खुशाल न्या’ असं मंडळाला कळवणाऱ्या बायका होत्या, आणि ते केवळ रागापोटी नव्हतं. त्यामागे ठोस हिशेब होता.

३० डॉलरचा हिशेब

६ ऑक्टोबर १९१७ रोजी युद्धजोखीम विम्याच्या कायद्यात सैनिकाच्या कुटुंबासाठी तरतूद झाली. साध्या शिपायाचा पगार महिना ३० डॉलर. त्यातले १५ डॉलर बायको-मुलांसाठी सक्तीने कापून घ्यायचे. त्यात सरकारने आपली भर घालायची: फक्त बायको असेल तर १५ डॉलर, बायको आणि एक मूल असेल तर २५, बायको आणि दोन मुलं असतील तर ३२.५०, पुढच्या प्रत्येक मुलामागे ५. सरकारी भर ५० डॉलरच्या वर नाही. आईबापांसाठी कपात ऐच्छिक होती आणि भर कमी: एकट्या आईला किंवा वडिलांना १० डॉलर.

म्हणजे मूल नसलेल्या बायकोला महिना ३० डॉलर, दोन मुलांच्या आईला ४७.५०. आता मंडळापुढचा प्रश्न बदलला. आधी विचारायचे, ‘ह्याच्याशिवाय घर चालेल का?’ आता प्रश्न असा, की हा गेल्यावर जे पैसे येतील त्यात घर चालेल का? शहरातल्या कारागिराच्या घरी ४७.५० डॉलर म्हणजे भाडं आणि किराणा ह्यांतच संपणारी रक्कम. तिथे दावा टिके. पण घरी काही न देणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला फौजेमुळे दरमहा पैसे मिळण्याची पहिल्यांदाच खात्री झाली. तिचं पत्र ह्या हिशेबातून आलेलं होतं.

हाच हिशेब दक्षिणेकडे क्रूर झाला. कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराच्या हाती महिन्याला ३० डॉलर क्वचितच येत. म्हणून मंडळं म्हणत, हा फौजेत गेला तर ह्याच्या बायकोची स्थिती सुधारेल. मग अडचण कसली? कागदावर तर्क बिनचूक, पण ज्या व्यवस्थेने त्या मजुराला उपाशी ठेवलं, त्याच व्यवस्थेची कमी मजुरी आता त्याच्याविरुद्ध पुरावा ठरली. वर पैसे मिळायलाही वेळ लागे. १९१७-१८ च्या हिवाळ्यात विमा कार्यालयात अर्जांचे ढीग साचले आणि कित्येक कुटुंबांना महिनोन्‌महिने चेकची वाट पाहावी लागली.

दुकानदार माणसाचं उदाहरण घेतलं तर मंडळ काय पाहत असे ते स्पष्ट होईल. समजा, एका छोट्या गावात लोहाराचं दुकान आहे, बायको आणि दोन मुलं आहेत, घर स्वतःचं. प्रश्नावलीतल्या अवलंबितांच्या भागात तो लिहितो: गेल्या १२ महिन्यांत कमाई इतकी, त्यातून घरी दिले इतके, घराची किंमत इतकी, त्यावर कर्ज इतकं, बायकोची कमाई शून्य, सासरे हयात पण स्वतःच दुसऱ्या मुलीच्या आधाराने राहतात. मंडळातला एखादा सदस्य त्याचंच गिऱ्हाईक असे आणि त्याला दुकानाची उलाढाल ठाऊक असे. आकडा फुगवला की तिथेच पकडला जाई. आणि दुकानाचं काम हातचं असल्याने तो गेला की दुकान बंद, हे वेगळं सिद्ध करावं लागत नसे. दावा मजबूत. त्याच गावातला किराणा दुकानदार, ज्याचा भाऊ भागीदार आहे, त्याला हेच सगळं लिहून वर्ग २ मध्ये जावं लागे. दोघांच्या घरची माणसं सारखीच, फक्त कमाईचं स्वरूप वेगळं.

लग्नाची तारीख

युद्ध सुरू झाल्याबरोबर लग्नांची घाई उडाली. म्हणून मंडळं लग्नाची तारीख पाहू लागली. १८ मे १९१७ नंतर, म्हणजे कायदा झाल्यावर, केलेलं लग्न संशयाने पाहिलं जाई. १९१८ मध्ये नव्याने २१ वर्षांचे झालेल्यांसाठी ही रेषा १५ जानेवारी १९१८ ठरली. त्यानंतर लग्न केलेल्याला केवळ बायकोच्या नावावर सवलत नाही. मूल झालं असेल किंवा होणार असेल तर वेगळा विचार. नियम कडक वाटतो, पण त्याशिवाय व्यवस्था टिकली नसती. ज्याला भरती टाळायची आहे त्याला आईबाप म्हातारे करता येत नाहीत, लग्न मात्र आठवड्यात करता येतं.

कुठे बिघडायचं

सगळ्यांत मोठी चूक मुदतीची. ७ दिवसांत प्रश्नावली परत केली नाही, की दाव्याचा हक्क गेला आणि माणूस सरळ वर्ग १ मध्ये. टपाल जुन्या पत्त्यावर गेलं हे सबब म्हणून चालत नसे, कारण पत्ता कळवत राहण्याची जबाबदारी त्याचीच. हंगामी मजूर, लाकूडतोडे, भाड्याच्या खोल्या बदलत राहणारे कामगार असे शेकड्यांनी अडकले. मंडळाच्या दाराबाहेर लावलेली यादी पाहत राहणं हेही त्याचंच काम मानलं जाई.

दुसरी चूक: सवलत म्हणजे कायमची सुटका असं समजणं. वर्ग ४ हा वर्तमानस्थितीवरचा शिक्का होता. बायको वारली, आई वारली, भाऊ कमावता झाला, की स्थिती बदलली आणि ती स्वतःहून कळवायची. मे १९१८ मध्ये आणखी एक आदेश निघाला आणि १ जुलैपासून लागू झाला: निरुपयोगी ठरवलेल्या धंद्यांतल्या किंवा रिकामटेकड्या माणसाने उपयोगी काम धरावं, नाहीतर सवलत जाईल. हॉटेलातले वाढपी, दारवान, नाट्यगृहातले कारकून ह्या कचाट्यात आले.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, पण परिणाम तसाच. निकाल उघड लावले जात आणि वर्तमानपत्रांत छापले जात. त्यामुळे शेजाऱ्यांच्या तक्रारी येत, काही खऱ्या, काही निनावी आणि सूडाच्या. बायकोच्या नावावर सवलत घेतलेल्याकडे गावाने रोखून पाहावं, ह्याचीच ती सोय होती असं म्हटलं तरी चालेल.

निकाल पटला नाही तर जिल्हा मंडळाकडे अपील होतं, आणि मुदत मोजक्या दिवसांची. सरकारनेही प्रत्येक मंडळावर एक अपील प्रतिनिधी नेमला होता. सवलत चुकीने दिली असं वाटलं तर त्याने अपील करायचं. पण त्याच्या कामाची दुसरी बाजू फारशी कुणाला ठाऊक नव्हती: अडाणी किंवा असहाय माणसावर अन्याय झाला असेल, तर त्याच्या वतीनेही ह्याच प्रतिनिधीने अपील करायचं. ज्यांच्यासाठी ही सोय होती त्यांना ती माहीत असण्याची शक्यता सर्वांत कमी.

शेजारी माणूसच न्यायाधीश असतो तेव्हा

स्थानिक मंडळाची ताकद ही, की कोण खरं आणि कोण खोटं सांगतोय ते त्याला ठाऊक असतं. त्याच कारणाने ते धोकादायकही होतं. गावाला जे पूर्वग्रह, तेच मंडळाला. नोंदणी कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं होतं की माणूस आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा. मंडळासमोर कार्डांचा गठ्ठा आला की माणूस समोर येण्याआधीच त्याचा वर्ण कळे. जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीत, म्हणजे अटलांटा शहरात, एका मंडळाने ८१५ गोऱ्यांपैकी ५२६ जणांना सोडलं आणि कृष्णवर्णीयांपैकी फक्त ६ जणांना. ते अख्खं मंडळ काढून टाकण्यात आलं. पण अशी कारवाई अपवादाने झाली. देशभराच्या आकड्यांत वर्गवारी झालेल्या कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून अधिक वर्ग १ मध्ये होते, गोऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश. ह्यामागे केवळ मंडळांची वृत्ती नव्हती. गोरे तरुण आधीच स्वेच्छेने नौदलात आणि लष्करात गेले होते, कृष्णवर्णीयांना ते दार जवळजवळ बंद होतं. तरीही ३० डॉलरच्या हिशेबाचा वाटा त्यात मोठा आहे, असं आमचं ठाम मत आहे.

पैसे खाण्याचे प्रकारही झाले. न्यूयॉर्कच्या ९९ क्रमांकाच्या मंडळातल्या सदस्यांना १९१७ च्या ऑगस्टमध्ये सूट विकल्याच्या आरोपाखाली अटक झाली. साडेचार हजारांवर मंडळं आणि अफाट अधिकार पाहता अशी उघड झालेली प्रकरणं थोडी होती. जास्त नुकसान लाचेने झालं नाही, प्रामाणिकपणे बाळगलेल्या पूर्वग्रहाने झालं.

पुढे काय झालं

ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस वयोमर्यादा १८ ते ४५ झाली आणि १२ सप्टेंबरला त्याप्रमाणे नोंदणी झाली. तिन्ही नोंदण्या मिळून २ कोटी ४० लाखांवर नावं लागली आणि प्रत्यक्षात सुमारे २८ लाख माणसं भरती झाली. बहुसंख्य बाप घरीच राहिले. घर मोडायचं नाही हा मुख्य हेतू त्या अर्थाने साधला.

१९४० मध्ये मंडळं पुन्हा उभी राहिली तेव्हा वर्गांची नावं बदलली, प्रश्न तोच राहिला. १९४२ च्या कायद्याने सैनिकाच्या बायकोला महिना ५० डॉलर मिळू लागले, त्यातले २२ पगारातून. माणसं कमी पडली तशी बापांची पाळी आली आणि ऑक्टोबर १९४३ पासून युद्धाआधी बाप झालेल्यांनाही बोलावणं सुरू झालं. डिसेंबरात संसदेने त्यांना रांगेत सर्वांत शेवटी ठेवायला सांगितलं. ‘पराकोटीची अडचण’ हा वेगळा वर्ग मात्र टिकला. पुढे व्हिएतनामच्या काळात, एप्रिल १९७० मध्ये, केवळ बाप असल्याबद्दल मिळणारी सवलत नव्या बापांसाठी बंद झाली, तेव्हाही अवलंबितांच्या अडचणीवरचा दावा शिल्लक राहिला.

१९७३ नंतर अमेरिकेत कुणाची सक्तीने भरती झालेली नाही. पण १८ ते २५ वयाच्या पुरुषांची नोंदणी आजही होते, त्यात तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली, ग्रीन कार्डावर असलेली मुलंही येतात. स्थानिक मंडळांवर स्वयंसेवक सदस्य आजही नेमले जातात. नोंदणी करताना घरच्या अडचणीबद्दल काही लिहून ठेवता येत नाही. उद्या भरती सुरूच झाली, तर दावा करायचा तो बोलावण्याचा आदेश हाती पडल्यावर, आणि अवलंबितांची कागदपत्रं तेव्हा जोडायची.